‘स्पाय’ : कानातल्या आवाजाची गोष्ट

पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना मध्ये मध्ये आलेले ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ आणि चहाचे घोट काढून टाकलेत, बाकी बोलण्याचा सूर तसाच ठेवलाय.

आजचा सिनेमा आहे २०१५ सालचा ‘स्पाय’. लेखक आणि दिग्दर्शक पॉल फीग, मुख्य भूमिकेत मेलिसा मकार्थी. हेरगिरी, मारामारी आणि विनोद अशी मिसळ. ही मिसळ बहुतेक वेळा बेचव होते, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव. मग हीच इतकी चांगली का जमली, ते आज उलगडून बघू. नुसतं ‘मस्त आहे, बघा’ म्हणून सोडायचं नाही, नेमकं काय केलं म्हणून जमलं ते शोधायचं.

एक सूचना. शेवटाबद्दल बोलायचंय, पण ते अगदी शेवटी. तिथे आधी सांगेन, म्हणजे ज्यांनी सिनेमा बघितला नाहीये त्यांना थांबता येईल.

अपेक्षा कमी का होत्या

आधी नाव बघा. ‘स्पाय’. बस. ‘हेर’ नावाचा हेरपट. त्यात २०१५ हे वर्ष हेरांच्या गर्दीचं होतं. ‘किंग्समन’ त्याच वर्षाच्या सुरुवातीला जगभर लागला. ‘मिशन इम्पॉसिबल’चा ‘रोग नेशन’, ‘द मॅन फ्रॉम अंकल’ आणि बाँडचा ‘स्पेक्टर’ पुढे रांगेत उभेच होते. आपल्याकडे जानेवारीत ‘बेबी’ येऊन गेला होता. एवढ्या सुटाबुटातल्या लोकांमध्ये आणखी एक हेर कशाला हवा?

दुसरं कारण खुद्द मकार्थी. ‘ब्राइड्समेड्स’साठी तिला सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं होतं, म्हणजे गुणवत्तेबद्दल शंका नव्हती. पण त्यानंतर ‘आयडेंटिटी थीफ’ आणि ‘टॅमी’सारख्या सिनेमांत तिला जवळजवळ एकाच साच्यात बसवलं गेलं. जाडी, आरडाओरडा करणारी, धडपडणारी बाई, आणि तिच्या पडण्यावर हसणारे प्रेक्षक. ‘टॅमी’वर समीक्षकांनी चांगलीच झोड उठवली होती. त्यामुळे ‘मकार्थी आता सीआयएची हेर’ हे ऐकल्यावर डोळ्यांसमोर काय येतं? जाडी बाई स्कूटरवरून पडते, पिस्तूल उलटं धरते, गाडी भिंतीवर आपटते. असा सिनेमा आपण न बघताच बघितलेला असतो.

आणि तिसरं कारण म्हणजे हा प्रकारच धोक्याचा. त्याबद्दल जरा सविस्तर.

नक्कल करणं सोपं, गोष्ट सांगणं अवघड

हेरपटाची थट्टा नवीन नाही. अमेरिकन टीव्हीवर ‘गेट स्मार्ट’ १९६५ मध्ये सुरू झाली. १९६७ मध्ये ‘कसिनो रोयाल’ नावानेच बाँडची थट्टा करणारा सिनेमा येऊन गेला. मग १९९७ मध्ये ‘ऑस्टिन पॉवर्स’, २००३ मध्ये ‘जॉनी इंग्लिश’. यातले बरेचसे स्पूफ आहेत. स्पूफ म्हणजे मूळ प्रकारातल्या सवयी उचलायच्या, त्या फुगवायच्या आणि हसायचं. खलनायकाची मांजर, गॅजेट देणारा म्हातारा, उगाच फिरणारी खुर्ची वगैरे.

स्पूफची अडचण अशी की त्यात जीव जाण्याची भीती उरत नाही. बाँब फुटणार नाही हे पहिल्या मिनिटापासून माहीत असतं. मग दीड तास प्रेक्षकाला खुर्चीत धरून ठेवायला फक्त विनोद उरतो, आणि एकामागून एक दीड तास फक्त विनोद करत राहणं भल्याभल्यांना झेपत नाही. शिवाय बाँडपट मुळातच स्वतःच्या नकलेच्या इतके जवळ असतात की त्यांची वेगळी थट्टा करायला फारशी जागाही राहत नाही.

फीगने वेगळा रस्ता घेतला. त्याने आधी एक सरळ हेरकथा रचली. बोयानोव्ह नावाच्या शस्त्रांच्या व्यापाऱ्याने एक छोटा अणुबाँब कुठेतरी लपवलाय. तो कुठे आहे ते सांगण्याआधीच तो मरतो. आता ती जागा फक्त त्याच्या मुलीला, रेनाला, माहीत. ती बाँब विकायला निघालीय, आणि सीआयएच्या फील्डवरच्या एजंटांची नावं तिच्याकडे पोचलीत. म्हणजे जो ओळखीचा एजंट जाईल तो मरणार. मग पाठवायचं कुणाला? जिला कुणीच ओळखत नाही तिला.

यातले विनोद काढून टाका. गोष्ट तरीही उभी राहते, अगदी एखाद्या गंभीर हेरपटासारखी. माझ्या मते कुठल्याही ॲक्शन कॉमेडीची ही सगळ्यात सोपी कसोटी आहे. विनोद उचलून बाजूला ठेवल्यावर खाली काही शिल्लक राहतं का? ‘स्पाय’मध्ये राहतं. माणसं खरोखर मरतात, चाकू खरोखर लागतो, आणि त्यामुळे हसू येतं तेही थोडं घाबरलेलं हसू असतं. ते जास्त जोरात येतं.

विंगेतला माणूस

आता मुख्य मुद्दा. सुझन कूपर कोण आहे?

सिनेमा सुरू होतो तो बल्गेरियात, व्हार्नामधल्या एका झगमगीत पार्टीत. ज्यूड लॉने केलेला ब्रॅडली फाइन हा एजंट. टक्सिडो, केसाची एक बट इकडची तिकडे नाही. तो तळघरातून चालत निघतो, वळणावर वळतो, गोळी झाडतो, माणूस पडतो. पण त्याच्या कानात एक बाई बोलतेय. डावीकडे दोघं आहेत, मागून एक येतोय, आता वाक. ती आहे वॉशिंग्टनजवळ लँग्लीला, सीआयएच्या तळघरात, स्क्रीनसमोर. फाइनच्या डोळ्यातल्या लेन्समधून तिला त्याला दिसतं ते सगळं दिसतं. तो जे काही करतो त्यातलं निम्मं काम तिचं आहे. आणि जी एक गोष्ट तो पूर्णपणे स्वतःच्या बळावर करतो, ती म्हणजे ऐन वेळी शिंकतो, आणि त्या शिंकेने बोयानोव्हला गोळी लागते.

बघा, सिनेमाच्या पहिल्या काही मिनिटांतच दिग्दर्शकाने सांगून टाकलंय की सुझन हुशार आहे. तिला काम येतं. हा फार महत्त्वाचा निर्णय आहे. ‘वेंधळी बाई चुकून हेर होते’ ही गोष्ट इथे नाहीच. ‘पहिल्यापासून उत्तम काम करणारी बाई पहिल्यांदाच लोकांना दिसते’ ही गोष्ट आहे.

आपल्या नाटकात विंगेत प्रॉम्प्टर असतो ना, तसं. नट वाक्य विसरला की विंगेतून हळूच शब्द येतो, नट तो उचलतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. टाळी नटाला.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. मी स्वतः सपोर्टच्या ऑन-कॉल रोटेशनमध्ये असते. रात्री अडीचला सर्व्हर झोपतो, तुम्ही उठता, लॉग चाळता, चार वाजता सगळं पुन्हा सुरू होतं. सकाळी क्लायंटच्या कॉलवर ‘सिस्टिम स्टेबल आहे’ हे वाक्य दुसराच कुणीतरी बोलतो. त्यात त्याचं वाईट वागणंही नसतं बरं का. रचनाच तशी असते. जो समोर दिसतो, काम त्याचंच वाटतं.

फाइनही दुष्ट नाही, आणि ही या लिखाणातली सगळ्यात बारीक गोष्ट आहे. तो सुझनशी गोड बोलतो, तिला छान हॉटेलात जेवायला नेतो. तिथे तो तिला एक डबी देतो. तिला वाटतं दागिना असेल. आत असतो प्लॅस्टिकच्या कपकेकचा हार. तुला केक आवडतो ना, म्हणून. मकार्थीचा चेहरा त्या क्षणी बघा. ती हसते, आभार मानते, हार गळ्यात घालते. थिएटर हसतं, पण ज्याला कधी ऑफिसात ‘तू तर आमचा आधार आहेस’ एवढंच ऐकून परत पाठवलंय, तो जरा थांबून हसतो.

पुढे कळतं की ट्रेनिंगमध्ये सुझन जबरदस्त होती. मग ती फील्डवर का गेली नाही? कारण फाइननेच तिला पटवलं की तू माझ्या कानातच जास्त शोभतेस. त्यात त्याची सोय होती. तिने मात्र ते स्वतःच्या कुवतीचं मोजमाप म्हणून घेतलं. दहा वर्षं तळघरात गेली, तीही उंदीर आणि वटवाघळांच्या सोबतीने. (हा विनोद सिनेमात बराच वेळ चालतो.)

ऑफिसने दिलेली ओळख, स्वतः घेतलेली ओळख

सुझनला मोहिमेवर पाठवायचं ठरतं, तेव्हा तिला वाटतं आता आपल्यालाही भारी नाव, भारी कपडे, भारी गॅजेट मिळणार. मिळतं काय? आयोवातली एक घटस्फोटित गृहिणी, बेतास बात स्वेटर, विचित्र विग. पुढची ओळख मांजरं पाळणाऱ्या एकट्या बाईची. आणि गॅजेट? पायाच्या बुरशीवरचा स्प्रे, मूळव्याधीचे वाइप्स, बद्धकोष्ठतेच्या गोळ्या. प्रत्येकात काहीतरी गुप्त सोय आहे, पण वरचं लेबल असं की चारचौघांत पर्समधून काढायची लाज वाटावी.

इथे विनोदाचा नेम कुणावर आहे ते नीट बघा. सुझनवर नाही, तिच्याकडे बघणाऱ्या ऑफिसवर आहे. ‘अशी दिसणारी बाई म्हणजे अशीच असणार’ हे ऑफिसने गृहीत धरलंय, आणि आपण हसतो ते त्या गृहीत धरण्याला. ‘टॅमी’ आणि ‘स्पाय’ यांच्यातला खरा फरक इथे आहे. नटी तीच, शरीर तेच, पण नेम बदलला की सिनेमा बदलतो.

आणि मग येतो सिनेमाचा कणा असलेला प्रसंग. रोममध्ये सुझन रेनाला विषापासून वाचवते आणि तिच्या खासगी विमानात जाऊन बसते. तिथे रेनाला संशय येतो. ही कोण? समोर बंदूक. ऑफिसने दिलेली कुठलीच ओळख इथे चालणार नाही. मग सुझन जागच्या जागी एक माणूस बनवते. मी अँबर व्हॅलेंटाइन, तुझ्या वडिलांनी तुझ्या रक्षणासाठी नेमलेली बॉडीगार्ड. आवाज बदलतो, पाठ ताठ होते, तोंडातून शिव्यांचा पट्टा सुरू होतो. रेना थक्क आणि थोडी खूशही, कारण तिच्याशी असं बोलायची हिंमत आजवर कुणी केलेली नसते.

म्हणजे खालून गोष्ट अशी चाललीय : दुसऱ्यांनी दिलेल्या ओळखींत ती अवघडलेली होती, स्वतः घेतलेल्या ओळखीत ती मोकळी झाली. सिनेमात हे कुणी भाषण करून सांगत नाही. मकार्थीच्या चालण्यावरून कळतं.

रेना झालेली रोझ बर्न हिलाही मोठं श्रेय द्यायला हवं. डोक्यावर केसांचा डोंगर, बोलण्यात थंड तुच्छता. ती एकदाही ‘मी विनोदी आहे’ असं दाखवत नाही. दोघींमधली अपमानांची देवाणघेवाण म्हणजे जुगलबंदीच, आणि त्यात हळूहळू एक विचित्र आपुलकीही तयार होते. हेरपटात दोन बायका एकमेकींशी इतका वेळ बोलतात, तेही कुठल्या पुरुषाबद्दल नाही, हे तसं दुर्मीळच.

जेसन स्टेथम आणि सरळ चेहरा

या सिनेमातलं सगळ्यात मोठं आश्चर्य म्हणजे स्टेथम. ‘ट्रान्सपोर्टर’ आणि ‘क्रँक’वाला. हा माणूस १९९० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडकडून डायव्हिंग करून आलाय, त्यामुळे त्याची शारीरिक धमक खरी आहे. इथे तो रिक फोर्ड नावाचा एजंट आहे. सुझनला मोहीम मिळाल्यावर तो भडकून निघून जातो आणि मग वाटेल तिथे आडवा येतो.

फोर्डचं काम एकच, फुशारक्या मारणं. पेटलेल्या अंगाने गाडी चालत्या ट्रेनवर उतरवली, तुटलेला हात दुसऱ्या हाताने जोडला, असल्या. गंमत अशी की स्टेथम हे सगळं त्याच आवाजात, त्याच करड्या नजरेने बोलतो ज्या नजरेने तो आपल्या गंभीर सिनेमांत बोलतो. एक रेषाही हलत नाही. विनोदी नटाने हे केलं असतं तर ती नक्कल झाली असती. खऱ्या ॲक्शन हीरोने केल्यामुळे अख्खा ॲक्शन सिनेमाच स्वतःवर हसतोय असं वाटतं.

आणि तो नुसता तोंडी लावायला नाही. मांडणीत त्याची जागा पक्की आहे. फोर्ड बोलतो खूप आणि करतो ते बिघडवून ठेवतो. सुझन बोलताना चाचरते आणि काम तडीस नेते. दोघं समोरासमोर आले की न सांगता तुलना होते.

स्वयंपाकघरातली मारामारी

आता आपल्याकडच्यांसाठी खास. ‘रॉकस्टार’मधली नर्गिस फाखरी आठवते? ती या सिनेमात आहे. भूमिका छोटी, पण सगळ्यात लक्षात राहणारी मारामारी तिच्या वाट्याला आलीय. बुडापेस्टमध्ये एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात ती आणि सुझन भिडतात. सुऱ्या, तवे, हाताला लागेल ते.

हा प्रसंग ॲक्शन कॉमेडी कशी करावी याचा धडा आहे. ‘विनोदी सिनेमा आहे, मारामारी कशीही चालेल’ असं इथे कुणी म्हटलेलं नाही. कोण कुठे उभं आहे, सुरी कुणाच्या हातात आहे, मध्ये काय आहे हे सतत कळतं. कॅमेरामन रॉबर्ट येओमन म्हणजे वेस अँडरसनचे सिनेमे चित्रित करणारा माणूस, त्यामुळे चौकटीची शिस्त दिसते. विनोद येतो तो सुझनच्या चेहऱ्यावरून. आपण हे करतोय याचं तिलाच आश्चर्य वाटतंय, आणि तरी ती थांबत नाहीये. फटका खरा, भीती खरी, म्हणून हसूही खरं.

चित्रीकरण मुख्यतः बुडापेस्टमध्येच झालं. पॅरिस, रोम, बुडापेस्ट असा प्रवास पडद्यावर अगदी ऐटबाज बाँडपटासारखा दिसतो, सुरुवातीच्या नामावलीचं गाणंसुद्धा त्याच थाटाचं. खर्च साधारण साडेसहा कोटी डॉलर, जगभरातली कमाई तेवीस कोटींच्या वर. गोल्डन ग्लोबमध्ये विनोदी-संगीत गटात चित्रपट आणि अभिनेत्री अशी दोन नामांकनंही मिळाली. चित्रपटाचं पारितोषिक मात्र ‘द मार्शियन’ला गेलं. मंगळावर एकटा अडकलेला माणूस कॉमेडीत कसा बसला, हा वेगळ्या भागाचा विषय आहे!

काय खटकतं

सगळंच गोड नाही. शिव्या भरपूर, त्यामुळे आईबाबा आणि लहान मुलांसोबत लावू नका. रोममधला आल्डो नावाचा एजंट सुझनशी सतत लगट करतो आणि सिनेमा त्याला गंमत म्हणून सोडून देतो. आज ते बघताना हसू येत नाही. नको म्हणणाऱ्या बाईला हात लावणं हा विनोद नव्हे, आणि सुझनला इतक्या आदराने वागवणाऱ्या सिनेमाला हे कळायला हवं होतं. शेवटच्या अर्ध्या तासात कोण कुणाला फसवतंय याची वळणंही जरा जास्तच आहेत.

पण एक सांगते. ‘अपेक्षा नव्हती म्हणून आवडला’ हे कौतुक पहिल्यांदा बघतानाच चालतं. दुसऱ्यांदा लावताना अपेक्षा शून्यावर नसते, तेव्हा सिनेमाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. मी ‘स्पाय’ तीनदा बघितलाय. तिसऱ्यांदा फुशारक्या पाठ झाल्या होत्या, आणि तरी कपकेकच्या हाराचा प्रसंग पहिल्यापेक्षा जास्त टोचला.

शेवटाबद्दल (बघितला नसेल तर इथे थांबा)

सुझन फील्डवर गेल्यावर तिच्या कानात कोण बोलतं? तिची तळघरातली मैत्रीण नॅन्सी. मिरांडा हार्टने ही उंच, भोळी, सतत घाबरलेली नॅन्सी फार लोभस केलीय. म्हणजे काल जी जागा सुझनची होती, ती आज नॅन्सीची आहे. इथे खरी परीक्षा आहे. सुझन आता फाइनच्या जागी आलीय. ती नॅन्सीशी कशी वागेल?

मोहीम फत्ते होते, सुझन कायमची फील्ड एजंट होते. जिवंत परतलेला फाइन तिला जेवायला बोलावतो. दहा वर्षं तिने ज्याची वाट बघितली ते हेच. आणि ती नाही म्हणते. तिला त्या रात्री नॅन्सीबरोबर जायचंय.

प्रेमकथेच्या हिशेबाने हा छोटासा नकार आहे, पण ऑफिसच्या हिशेबाने बघा. पुढे गेलेल्या माणसाने कानातल्या आवाजाला जेवायला नेलं, आणि डबीत प्लॅस्टिकचा केक ठेवला नाही. या सिनेमात अणुबाँब सापडण्याइतकंच हेही महत्त्वाचं आहे.

तर मंडळी, शनिवारी रात्री दोन तास काढा, सबटायटल चालू ठेवा (स्टेथमची वाक्यं फार भरभर जातात) आणि ‘स्पाय’ बघा. बघून झाल्यावर तुमच्या कामातल्या एखाद्या नॅन्सीला मेसेज टाका. नुसता ‘थँक्स’ नको, तिने नेमकं काय केलं होतं तेही लिहा. पुढच्या भागात भेटूच!